स्टिरिओस्कोप ते व्हीआर हेडसेट

दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली असलेले एकच दृश्य उभे करतो, हे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनला सिद्ध केले. त्यांचे आरशांचे उपकरण, म्हणजे स्टिरिओस्कोप, प्रयोगशाळेतच शोभणारे होते. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये भिंगे वापरून ते आटोपशीर केले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरिया त्यावर खूश झाली आणि मागणी एकदम वाढली.

स्टिरिओस्कोप खरा घरोघरी गेला तो बॉस्टनचे डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्यामुळे. १८६१ च्या सुमारास त्यांनी लाकडी दांड्याचा हलका नमुना तयार केला आणि मुद्दाम त्याचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे कोणीही तो बनवू शकला आणि किंमत उतरली. चित्रांचाही तुटवडा नव्हता. अंडरवुड अँड अंडरवुडसारख्या कंपन्यांचे विक्रेते पिरॅमिड आणि नायगाऱ्याची जोडचित्रे दारोदार विकत. एकाने पाहून झाले की उपकरण शेजारच्याच्या हाती जाई. बघणारा बैठकीतून उठून जात नसे, हे उपकरणाच्या यशाचे फारसे न सांगितले जाणारे कारण आहे. पुढे चित्रपटाने ही हौस मागे टाकली.

दोन डोळ्यांना दोन चित्रे हेच तत्त्व वापरून संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोके वळेल तसे दृश्य बदलणारे व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट दाखवले. ते इतके जड होते, की छताला टांगावे लागे. निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीचा 'व्हर्च्युअल बॉय' १९९५ मध्ये आला. त्यातली चित्रे फक्त लाल आणि काळ्या रंगांत दिसत, खेळणाऱ्याला टेबलावर वाकून बसावे लागे. सुमारे ७.७ लाख नग खपले आणि वर्षभरात उत्पादन थांबले.

२०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस ही हेडसेट बनवणारी कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला विकत घेतली. तिचा २०२० चा 'क्वेस्ट २' संगणकाविना चाले आणि २९९ डॉलरपासून मिळे. तो चांगला खपलाही. ॲपलचा २०२४ चा 'व्हिजन प्रो' मात्र ३,४९९ डॉलरचा आणि सुमारे सहाशे ग्रॅम वजनाचा निघाला. शिवाय अशा हेडसेटमध्ये डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून अनेकांना मळमळते. खेळ आणि वैमानिकांचे वा शल्यचिकित्सकांचे प्रशिक्षण यांसाठी माणसे हे सोसतात, कारण तिथे बदल्यात दुसरीकडे न मिळणारे काही मिळते. संध्याकाळी घरी एकत्र बसलेल्या कुटुंबाला तितके मोलाचे काही देणारे हेडसेट अजून बाजारात आलेले नाही.