गळालेल्या दोन अंकांची कुळकथा

पंचांगात पंचमीच्या दुसऱ्या दिवशी थेट सप्तमी आली, की षष्ठीचा क्षय झाला म्हणतात. दिवस हरवत नाही. षष्ठीला सूर्योदय मिळाला नाही, म्हणून तिचं नाव गळतं. अमेरिकी टाइमकोडात, म्हणजे चित्राच्या फ्रेमना दिलेल्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेम अशा क्रमांकांत, ००:००:५९;२९ नंतर एकदम ००:०१:००;०२ पाहिलं, तेव्हा मला हा क्षयच आठवला. मधल्या दोन फ्रेम कापल्या गेल्या, असं नव्या संकलकांना वाटतं. चित्र एकही जात नाही. गळतात ते नुसते अंक.

या गळतीचा दोष सगळे रंगाला देतात. कृष्णधवल काळात तिथे सेकंदाला ३० फ्रेम होत्या, १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक मंजूर झालं आणि त्या २९.९७ झाल्या. माझ्या मते खरा मूळपुरुष आवाज आहे. ध्वनीची वाहक लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर होती. रंगाची लहर ३.५८च्या आसपास आली आणि दोघींच्या झटापटीतून ९२० किलोहर्ट्झचं जाळं पडद्यावर उमटू लागलं. ते डोळ्यांत भरू नये, तर ४५ लाखांना ओळींच्या संख्येने पूर्ण भाग जायला हवा. सेकंदाला १५,७५० ओळी धरल्या तर भागाकार येतो २८५.७१. तो २८६ करायला एक तर आवाज वर सरकवायचा, नाही तर ओळी कमी करायच्या. घरोघरी आधीच असलेल्या संचांपायी आवाजाला हात लावला नाही. ओळी १५,७३४वर आल्या, त्यांच्याबरोबर फ्रेमही हजारात एकीने घटल्या. आवाज तेवढाच सरकवला असता तरी जुन्या संचांनी निभावून नेलं असतं, असं म्हणणारे आहेत. मला त्यांचं पटतं.

पुढे फ्रेमना क्रमांक पडू लागले आणि ३०च्या हिशेबाचा तास घड्याळापेक्षा ३.६ सेकंदांनी लांबला; म्हणजे १०८ फ्रेम. दर मिनिटाला दोन अंक गाळले तर तासाला १२० गळतात, म्हणून दर दहाव्या मिनिटाला सूट. या सुटीमुळे कुणी याला लीप वर्षाची उपमा देतात. पण तिथे दिवस वाढतो, इथे नाव गळतं. क्षयतिथीच जवळची.

१९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या सीएमएक्स कंपनीने संगणकावरचं संकलन आणलं. तिच्या ३६०० पद्धतीची संकलन-यादी, म्हणजे ईडीएल, अजून चालते. प्रत्येक कटाला चार टाइमकोड: मूळ टेपचे इन आणि आउट, तयार टेपचे इन आणि आउट. यातला ‘आउट’ म्हणजे शेवटची फ्रेम नव्हे, तिच्या पुढची. म्हणून आउटमधून इन वजा केला की लांबी मिळते. मात्र इन ००:००:५९;२० आणि आउट ००:०१:००;१२ असेल, तर साध्या वजाबाकीने २२ फ्रेम येतात; कट असतो २० फ्रेमचा.

आपली पाल प्रक्षेपणपद्धती सेकंदाला २५ फ्रेमची, तिथे क्षय नाही. अमेरिकेतून यादी आली, तर शीर्षकाखालची ‘एफसीएम’ची ओळ आधी वाचा. तिथे ‘ड्रॉप फ्रेम’ दिसलं, की मिनिट ओलांडणारा प्रत्येक कट बोटांवर मोजून पाहा.