अक्षराच्या वळणाची मालकी

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी सरस्वतीपूजनासाठी पाटावर पोथ्या, मुलांच्या वह्या आणि कायद्याची दोन जाडजूड पुस्तके मांडली होती. शेजारी आमचा लॅपटॉपही होता. पूजेला ठेवलेल्या वस्तूस त्या दिवशी हात लावू नये हा संकेत मोडून, एक निवाडा पाहण्यासाठी आम्ही तो उघडला आणि कोणी हाक मारली म्हणून उठून गेलो. परत येऊन पाहतो तो आमची चार वर्षांची पुतणी लॅपटॉपपुढे बसलेली. सकाळी ताटातल्या तांदळांत तिच्याकडून बोटाने 'श्री' गिरवून घेतला होता; तोच 'श्री' ती आता टचपॅडवर काढीत होती. पडद्यावरचा बाण मात्र भेदरलेल्या पाखरासारखा इकडून तिकडे पळत होता. "काका, ह्याला वाचता येत नाही," तिने निकाल दिला.

मुलीची तक्रार रास्त होती. बोटाने अक्षर काढणे ही आपल्याकडे लेखनाची पहिली पायरी. लाकडी पाटीवर धूळ पसरून मुले धुळाक्षरे गिरवीत. टचपॅड हीही एका अर्थाने धूळपाटीच आहे. बोट फिरते, खूण राहत नाही. मग तिला अक्षर का कळू नये? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही गेलो ते पेटंट-कार्यालयांच्या आणि न्यायालयांच्या दफ्तरांत जाऊन पोहोचलो. वकिलाची वाट बहुधा तिकडेच वळते.

कोणत्याही वादात आम्ही प्रथम पाहतो ते शाबितीचा भार कोणावर आहे हे. लेखनातही असा एक भार असतो. देवस्थानांच्या दाव्यांत जुनी मोडी दफ्तरे आमच्या हाताखालून जातात. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, वाचणाऱ्याचे डोळे गेले. भार सारा वाचकावर. या लिपीचे श्रेय परंपरा यादवांचे मंत्री हेमाडपंत यांस देते. श्रेय खरे असो वा नसो, त्यांच्या वंशजांनी मोडी वळणावर हक्क सांगितल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. वळण सर्वांचे, ही गोष्ट इतकी गृहीत होती की ती लिहून ठेवण्याची गरज कोणास भासली नाही. हात आणि अक्षर यांच्यामध्ये यंत्र आले, तेव्हा मात्र ती वादाचा मुद्दा बनली.

हातच्या लिखाणाला विजेच्या तारेवर प्रथम चढविणाऱ्यांत अमेरिकेच्या एलिशा ग्रे यांचे नाव अग्रभागी आहे. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोनचा अर्ज आणि ग्रे यांचे त्याच विषयावरचे सूचनापत्र एकाच दिवशी एकाच कार्यालयात दाखल झाले, हे सर्वश्रुत आहे. टेलिफोनच्या पेटंटांचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १८८८ मध्ये चार विरुद्ध तीन अशा मतांनी बेल यांच्या बाजूने सुटला. त्याच वर्षी जुलैत ग्रे यांना दुसऱ्या एका यंत्राचे पेटंट मिळाले. ते यंत्र म्हणजे टेलऑटोग्राफ. इकडे कागदावर लेखणी चालली की तिची हालचाल दोन भागांत विभागली जाई, एक आडवी आणि एक उभी. दोन्ही विजेच्या रूपाने तारेतून जात आणि दूरच्या लेखणीला तशाच हालवीत. तिकडे अक्षर उमटे ते लिहिणाऱ्याच्याच वळणाचे, सहीसुद्धा. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. पुढे बँका, रेल्वे स्थानके व रुग्णालये यांत ते अनेक वर्षे राबले. या यंत्राला अक्षर कळत नसे, ते नुसती नक्कल करी. पण हाताची गती आडव्या आणि उभ्या अशा दोन मापांत फोडण्याची जी युक्ती त्यात होती, तीच आजच्या टचपॅडच्या पोटात आहे.

यंत्राला अक्षर कळावे म्हणून जे पहिले प्रयत्न झाले, त्यांत लिहिणाऱ्याला बराच जाच होता. बेल प्रयोगशाळेतील टी. एल. डायमंड यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या यंत्रात पाटीवर दोन ठिपके असत आणि आकडा त्या ठिपक्यांभोवतीच काढावा लागे; भोवतालच्या कोणत्या तारा लेखणीने ओलांडल्या यावरून यंत्र आकडा ओळखी. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना हे सोपे गेले असते. त्यानंतर १९६४ मध्ये रँड या संस्थेने जी पाटी बनविली, तिच्या दहा इंचांच्या चौकोनात १०२४ आडव्या आणि १०२४ उभ्या रेघांचे जाळे होते. म्हणजे दहा लाखांहून अधिक बिंदू. तिच्यावर चालणाऱ्या ग्रेल नावाच्या कार्यक्रमात वेडावाकडा चौकोन काढला की यंत्र तो सरळ करी, आणि लिहिलेल्यावर गिरबट ओढली की ते पुसून टाकी. अक्षर आणि हातवारा यांची जोडी येथे प्रथम नीट जमली, असे आमचे मत आहे. किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

आता ज्या खटल्याने आम्हाला या विषयात गुंतविले त्याकडे येऊ. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९९३ च्या सुमारास 'युनिस्ट्रोक्स' नावाची वर्णमाला रचली. प्रत्येक रोमन अक्षरासाठी लेखणी न उचलता काढायची एकच रेघ. बोट किंवा लेखणी उचलली की अक्षर संपले. यंत्राला दोन अक्षरांमधली सीमा शोधावी लागत नाही, आणि अक्षरावर अक्षर लिहिले तरी घोटाळा होत नाही. मोडीच्या कारकुनाचा हेतू आणि गोल्डबर्ग यांचा हेतू एकच, वेग. पण भार उलट्या बाजूस गेला. येथे वाचणाऱ्या यंत्राची सोय झाली आणि लिहिणाऱ्या माणसाला नवी बाराखडी शिकावी लागली.

१९९६ मध्ये पाम पायलट हे खिशात मावणारे यंत्र बाजारात आले. त्यात ग्राफिटी नावाची लेखनपद्धती होती. तिची अक्षरे नेहमीच्या रोमन अक्षरांशी मिळतीजुळती होती, पण बहुतेक सारी एका रेघेची. 'ए' या अक्षराची मधली आडवी दांडी गळून नुसते छप्पर उरले होते. लोकांनी ती काही दिवसांत आत्मसात केली. जानेवारी १९९७ मध्ये झेरॉक्सला पेटंट मिळाले आणि एप्रिलमध्ये तिने दावा लावला. खालच्या न्यायालयाने प्रथम अतिक्रमण नाही म्हटले. अपिलात ते फिरले. २००१ च्या अखेरीस अतिक्रमण झाले असे ठरले. २००३ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटची वैधता पुन्हा तपासण्यास सांगितले. २००४ मध्ये खालच्या न्यायालयाने तेच पेटंट, तत्पूर्वी झालेल्या कामाच्या आधारे, अवैध ठरविले. वाद तरीही मिटला नाही. अखेर २००६ मध्ये पामने २ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. दरम्यान २००३ मध्येच पामने ग्राफिटी सोडून दुसऱ्या कंपनीची पद्धत स्वीकारली होती, आणि ज्यांच्या हाताला जुने वळण बसले होते त्यांना ते मोडून नवे बसवावे लागले. आम्हाला या निकालांपेक्षा हीच गोष्ट अधिक बोचते. पक्षकार दोन कंपन्या होत्या, पण लाखो लोकांचे हात या दाव्यात अडकले होते, आणि त्यांना बाजू मांडण्याचा अधिकारच नव्हता. छापील टंकांच्या आकारावर स्वामित्वहक्क मिळत नाही असे अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले होते. अक्षराचा आकार मोकळा. तो वाचण्याची रीत मात्र बंदिस्त होऊ शकते. कायद्याच्या दृष्टीने हा भेद निर्दोष आहे. हाताला तो समजत नाही.

खुद्द टचपॅडची कथा थोडी मागे जाऊन सांगितली पाहिजे. १९८३ च्या गॅव्हिलन या सुटसुटीत संगणकात कळफलकाच्या वर स्पर्शाची पट्टी होती, पण ती कंपनी टिकली नाही. १९८८ च्या सुमारास जॉर्ज गर्फाइड यांनी विद्युत्-धारकतेवर चालणारे टचपॅड सिद्ध केले. त्याच्या पृष्ठाखाली आडव्या-उभ्या वाहक पट्ट्यांचे जाळे असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची धारकता बदलते, आणि हा बदल मोजून यंत्र बोटाचा मध्य कोठे आहे हे ठरविते. बोटाने दाबण्याची जरुरी नाही. लाकडी काडीने मात्र काम होत नाही. ॲपलने १९९४ च्या पॉवरबुक लॅपटॉपांत हे टचपॅड बसविले आणि फिरत्या चेंडूचे दिवस संपत आले. याच धंद्यात उतरलेली दुसरी कंपनी सिनॅप्टिक्स. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपचे एक शिल्पकार फेडेरिको फॅजिन आणि प्राध्यापक कार्व्हर मीड यांनी ती १९८६ मध्ये स्थापिली, ती मज्जासंस्थेच्या धर्तीवर ओळखणाऱ्या चिप बनविण्यासाठी. तिने पुढे टचपॅडवर चिनी अक्षरे लिहिण्याची सोयही विकली.

चिनीच का, याचे उत्तर सरळ आहे. हजारो चिन्हांची लिपी कळफलकावर मावत नाही. रोमन उच्चारांतून ती लिहिता येते, पण ज्यांना रोमन लिपीची सवय नाही त्यांची अडचण तशीच राहते. म्हणून २००९ मध्ये ॲपलने आपल्या संगणकप्रणालीत टचपॅडवर बोटाने लिहिण्याची सोय दिली ती चिनी लिपीसाठी. तिच्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. एरवी टचपॅडला बोट किती सरकले एवढेच कळते. बोट उचलून दुसरीकडे टेकले तरी बाण जागच्या जागी राहतो. लिहिताना हे चालत नाही. त्या वेळी पॅडचा वरचा डावा कोपरा म्हणजे चौकटीचा वरचा डावा कोपरा, असा बिंदूला बिंदू जुळावा लागतो. म्हणून आधी यंत्राला 'आता लिहितो आहे' असे सांगावे लागते. आमच्या पुतणीने ते सांगितले नव्हते.

हातवाऱ्यांचा इतिहास एका दुखऱ्या हातापासून सुरू होतो. डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन यांना टंकलेखनाने हाताच्या वेदना जडल्या. त्यातून त्यांनी आणि त्यांचे प्राध्यापक जॉन एलायस यांनी, अनेक बोटे एकाच वेळी ओळखणारे पृष्ठ तयार केले आणि १९९८ मध्ये फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. चिमटा घेतला की मजकूर कापला जाई, बरणीचे झाकण फिरविल्यासारखे केले की कागद उघडे. पूजेतल्या धेनुमुद्रेचा अर्थ जसा संकेताने ठरतो, तसाच हा. २००५ मध्ये ॲपलने ती कंपनी विकत घेतली. दोन बोटांनी पान सरकविणे, चिमटीने मोठे-लहान करणे या गोष्टी काही वर्षांत घरोघर पोहोचल्या. अनेक स्पर्श ओळखण्याचे काम मात्र टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्येच करून दाखविले होते. येथेही दावे आले. पॅडवरची दोन बोटे ओळखण्याचे एक पेटंट तैवानच्या इलॅन कंपनीच्या हाती होते; २००९ मध्ये तिने ॲपलवर दावा लावला आणि २०१२ मध्ये ५० लाख डॉलर घेऊन मिटविला. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) केवळ संगणक-कार्यक्रमाला वा गणनरीतीला पेटंट नाकारते. हे कलम उद्योगाला अडचणीचे आहे असे म्हणणारे आहेत. वरचे खटले वाचल्यावर आम्हाला ते शहाणपणाचे वाटते.

देवनागरीची गोष्ट वेगळी झाली. आपले वर्ण थोडे आणि उच्चारानुसार रचलेले. ते कळफलकावर नीट बसले. १९८० च्या दशकात इनस्क्रिप्ट मांडणी ठरली आणि बोटाने लिहिण्याची निकड मागे पडली. शिवाय आपल्या लिपीत यंत्राला अडखळविणारे पुष्कळ आहे. कोणी शिरोरेषा अक्षरागणिक देतो, कोणी शब्द पुरा झाल्यावर. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर त्याच्या आधी. काही जण ती आधी काढतात, काही मागाहून. 'श्री'सारख्या जोडाक्षरात रेघांचा क्रम घरागणिक निराळा. २०१५ मध्ये गूगलने ८२ भाषांसाठी हस्तलेखनाची सोय काढली, तीत मराठी होती. पण ती मोबाइलच्या पडद्यावर. तेथे लिहिणाऱ्याने वळण बदलावे अशी अट नव्हती. हजारो हातांचे नमुने पाहून यंत्रानेच शिकायचे होते, आणि भार प्रथमच पुरता यंत्राकडे गेला होता.

यातले काही आम्ही पुतणीला सांगितले नाही. मोबाइल तिच्या हाती दिला. तिने तांदळांत काढला होता तसाच 'श्री' काढला आणि तो पडद्यावर छापील होऊन उमटला. तिने मान डोलावली, आणि मोबाइल बाजूला ठेवून पुन्हा लॅपटॉपकडे वळली. आम्ही करतो ते तिने कधीतरी पाहिले असावे. दोन बोटे टेकवून तिने वर सरकविली, निवाड्याची पाने सरसर पळू लागली, आणि प्रसादासाठी हाक येईपर्यंत तिचा तो खेळ चालू होता.