आईचे वय आणि बाळाचे वजन

आमच्या सीमाभागात बाळंतपणाची भाषा फारशी बदलत नाही. मराठीतली बाळंतीण कानडीत बाणंती होते, एवढेच. आणि मुलीच्या वयाचा विषय निघाला की दोन्ही घरांत एक वाक्य हमखास येते, "आमची आज्जी तेराव्या वर्षी बाळंत झाली, काय बिघडलं तिचं?" हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ज्या आज्ज्या जगल्या आणि ज्यांची मुले जगली, त्यांच्याच नातवंडांना हे बोलता येते. बाकीच्यांच्या वतीने बोलायला कोणी उरलेच नाही.

त्या बाकीच्यांपैकी एका बाळाची हकीकत मात्र सर्वांना ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा. तो दहा दिवस जगला. पाचवी पुजली गेली असेल. बारशाचा दिवस काही उजाडला नाही. वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून मूल गेले आणि त्यातून डॉक्टर होण्याची जिद्द निर्माण झाली, असे आपण शाळेत शिकतो. ते खरेच आहे. पण त्या गोष्टीत आईचे चौदा हे वय नुसते तपशील म्हणून येते, कारण म्हणून येत नाही. आणि बाळाचे वजन तर येतच नाही. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना आनंदीबाईंनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. तो निवडताना त्यांच्या मनात काय असेल, याचा तर्क ज्याने त्याने करावा. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. काम सुरू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या गेल्या. वय एकवीस.

पुढे चारच वर्षांनी संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेण्यासाठी पुण्या-मुंबईत केवढे रण माजले! रा. गो. भांडारकर शास्त्राधार काढून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात. गर्भाधान, ऋतुप्राप्ती, स्मृतिवचने यांवर रकानेच्या रकाने भरले. बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली होती, म्हणून निदान मुलीच्या जिवाचा प्रश्न तरी पुढे आला. या देशात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी १८९० मध्ये व्हाइसरॉयकडे अर्ज करून चौदा वर्षांची मागणी केली होती. बाळंतिणींच्या खाटेपाशी उभ्या राहिलेल्या बायकांचे ते म्हणणे. मला वाटते, त्या सगळ्या वादातला सर्वांत जाणता आवाज तोच होता. ऐकला गेला नाही. मुलींसाठी विवाहाचे वय चौदा ठरायला १९२९ चा सारडा कायदा यावा लागला. त्याआधी सर मोरोपंत जोशी यांच्या समितीने देशभर साक्षी घेतल्या, तेव्हा कोवळ्या वयातले मातृत्व आई आणि मूल दोघांनाही घातक, हे सरकारी कागदावर आले. १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा.

तराजू त्या मानाने उशिरा आला. अडीच किलोखालचे मूल नाजूक समजावे, ही रेघ फिनलंडचे बालवैद्य आर्वो इल्पो यांनी मांडली आणि १९४८ मध्ये ती जगभर स्वीकारली गेली. दीड किलोखालचे मूल अतिशय अशक्त, हा भेद त्यानंतरचा.

वयाचे वजनाशी नाते काय, हे आता बरेच कळले आहे. पंधरा-सोळाच्या आतल्या मुलीचे स्वतःचेच शरीर वाढत असते. लोह, चुना, अन्न यांत तिचा आणि गर्भाचा वाटा एकाच ताटातून निघतो. त्यात रक्त कमी, तपासणी उशिरा, शेतातले काम चालूच. यात वयाचा दोष किती आणि गरिबीचा किती, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. दुसऱ्या टोकाला, पस्तिशीनंतर रक्तदाब आणि मधुमेह वाढतात आणि दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावे लागते. शिकलेल्या घरांनी या टोकाकडेही पाहावे. मात्र दीड किलोचे बाळ एकदा जन्मले, की आईच्या वयापेक्षा पोटात किती आठवडे काढले याला अधिक महत्त्व येते. मग ऊब, आईचे दूध आणि जन्मापूर्वी आईला दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. जागतिक आरोग्य संघटनेने या इंजेक्शनची चाचणी ज्या मोजक्या ठिकाणी घेतली, त्यांत आपले बेळगावही होते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मणारी बाळे त्याने अधिक वाचतात, हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाले, कर्नाटकात २१.३. सीमेच्या अलीकडे-पलीकडे पाऊण टक्क्याचाही फरक नाही.