डोंगर कुणाच्या नावावर?

देवरीहून चिचगडच्या वाटेला लागलं की डोंगर सुरू होतात. मोह, तेंदू, ऐन, बांबू. हे जंगल आजवर टिकलं ते कुणाच्या मेहरबानीने नव्हे, आणि पुढे टिकायचं असेल तर त्याचा इतिहास आमच्या पोरांना ठाऊक हवा.

इंग्रजी अमदानीत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि चिचगड, पुराडा या जमीनदाऱ्या होत्या. जंगल जमीनदाराचं, पण सरपण, चराई, घराला लाकूड हा गावाचा निस्तार. 1950 च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि जंगल सरकारजमा झालं. निस्तार कागदावर उरला, पण सवलत म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर मोह वेचला, तिथेच कुऱ्हाड घेऊन जाणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. 1969 मध्ये राज्याने तेंदूपत्त्याच्या व्यापाराचा कायदा केला. पानं आमच्या बायांनी तोडायची, भाव दुसऱ्याने ठरवायचा.

मग आला वनहक्क कायदा, 2006 चा. नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले. आता आमचा मुलूख ज्यात येतो तो गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीला मिळालेला पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याचा, आधार आम्हांला नव्हता. आमच्या हाती वनहक्काचाच एक कायदा. त्याच्या कलम 3 मध्ये गावाला आपलं परंपरेचं जंगल राखण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क आहे. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे 1,800 हेक्टरवर तो मिळाला, आणि आमच्याकडेही गावोगाव दाव्यांच्या फायली तयार होऊ लागल्या.

त्या फायली लिहिणाऱ्यांत मी होतो. नजरी नकाशा काढायला गेलो की म्हातारी माणसं पुढे चालायची. एका आजीने नाल्याच्या वळणावर थांबून शीव दाखवली: इथून वरती आमचं, पलीकडे शेजारच्या टोल्याचं. पुढे वाघदेवाचा दगड, मग मसणवट, मग बुजलेली विहीर. या खुणा आणि वडीलधाऱ्यांचे जबाब कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरले आहेत. तिच्या अंगठ्याखाली मी तारीख लिहिली. पुढे तो दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे गेला. त्रुटी निघत, फाईल परत येई, आम्ही पुन्हा ग्रामसभा भरवत असू.

हक्क मिळाल्यावर ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकू लागल्या. तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महासंघ उभा केला. सत्तर पानांचा पुडा तोच, पण करार आता ग्रामसभा करते. नवी पालवी यावी म्हणून उन्हाळ्यात जंगलाला आग लावायची रीत होती. गावाने ठरवलं तरच ती थांबते, वनरक्षकाच्या धाकाने थांबत नाही.

निर्णय कुणाच्या हाती, याच नजरेने मी पुण्याच्या लोकांची टेकड्यांसाठीची लढाई पाहतो. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांमधल्या टेकड्यांवर 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यान राखावं म्हणून तिथले नागरिक वर्षानुवर्षं भांडले. 2015 मध्ये राज्य सरकारने आरक्षण मान्य केलं. तरी एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीवरच्या रस्त्याविरुद्ध आणि बोगद्यांविरुद्ध त्यांना पुन्हा मोर्चा काढावा लागला. आरक्षण शासन देतं, शासनच बदलू शकतं. शहरातल्या माणसाला टेकडीवर फिरता येतं, हरकत नोंदवता येते. तिच्याबद्दल ठराव करणारी ग्रामसभा त्याच्याकडे नाही. उलट ओडिशात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि डोंगर वाचला.

म्हणून देवरीच्या तरुणांना माझं सांगणं आहे. आपल्या गावाच्या वनहक्काची प्रत काढा, नकाशावरची शीव स्वतः चालून पाहा आणि ग्रामसभेला हजर राहा. रिकाम्या ग्रामसभेत डोंगराच्या बाजूने हात वर करायला कुणीच नसतं.