डोळ्यातील चार ज्योती

अंधाऱ्या खोलीत एखाद्या माणसास समोर बसवून त्याच्या डोळ्यापासून किंचित बाजूला पेटती मेणबत्ती धरली आणि दुसऱ्या बाजूने बाहुलीत निवांतपणे निरखून पाहिले, तर प्रथम एकच ठळक ज्योत दिसते. परंतु नजर स्थिरावली म्हणजे तिच्याजवळ दुसरी, आकाराने मोठी पण धूसर अशी ज्योत उमटते, आणि आणखी बारकाईने पाहिल्यास एक इवलीशी तिसरी, तीही उलटी. मेणबत्ती वर न्यावी, तर पहिल्या दोघी तिच्यामागोमाग वर चढतात आणि ही धाकटी मात्र खाली उतरते, कारण भिंगाचा मागील पृष्ठभाग अंतर्गोल आरशाप्रमाणे वागतो. पहिली ज्योत पारदर्शक पटलाची, दुसरी भिंगाच्या दर्शनी पृष्ठभागाची. आणि पटलाच्या आतील बाजूची जी चौथी, ती इतकी क्षीण की पहिलीच्या तेजात बहुधा लोपून जाते.

बोहेमियात १७८७ साली जन्मलेले यान पुर्किन्ये ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात प्राध्यापकपदी रुजू झाले, तेव्हा १८२३ साली सादर केलेल्या लॅटिन प्रबंधात त्यांनी या प्रतिबिंबांची नोंद केली. जिवंत डोळ्याला बोटही न लावता त्याच्या अंतर्भागाची मोजणी करण्याची किल्लीच त्यांनी शास्त्रज्ञांच्या हाती दिली होती. तिचे मोल त्या काळी फारसे कोणास उमगले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. पुढे पॅरिसचे शल्यवैद्य सांसाँ यांनी मोतीबिंदूच्या निदानासाठी या ज्योतींचा उपयोग केला, कारण भिंग गढूळ झाले की उलटी ज्योत मावळते. आणि जवळची वस्तू पाहताना भिंगाचा पुढील पृष्ठभाग अधिक फुगीर होतो, हे हॉलंडच्या क्रामर यांनी व जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी याच ज्योतींच्या साक्षीने सिद्ध केले.

तथापि डोळ्याचे हे सारे भाग एका सरळ रेषेत बसविलेले आहेत की नाहीत, हा प्रश्न धसास लावला तो डेन्मार्कचे मारिउस चेर्निंग यांनी. त्यांच्या आधी इंग्रज वैद्य टॉमस यंग यांनी १८०१ साली स्वतःच्या डोळ्यातील दोषाचे कारण भिंगाच्या तिरकेपणात शोधले होते. त्या यंगचेच नेत्रविषयक लेखन चेर्निंग यांनी १८९४ साली फ्रेंचमध्ये सटीप आणले, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात नेत्रतज्ज्ञ ज्याव्हाल यांच्या प्रयोगशाळेत चेर्निंग काम करीत.

चेर्निंग यांच्या यंत्रात अंशांच्या खुणा कोरलेली एक कमान असे, तिच्या मध्यावर दुर्बीण, आणि एकाखाली एक असे दोन दिवे. पृष्ठभाग तीन व दिवे दोन, म्हणून बाहुलीत सहा ठिपके. माणसाने दुर्बिणीत सरळ रोखून पाहिले, तर ते सहा ठिपके एका उभ्या ओळीत यावयास हवेत. पण ते येत नसत, जोड्या आडव्या विखुरलेल्या दिसत. मग कमानीवर नजर रोखण्यासाठी धरलेली खूण हळूहळू सरकवून त्या माणसास नाकाच्या बाजूला पाहावयास सांगावयाचे, आणि साऱ्या जोड्या एका ओळीत आल्या म्हणजे किती अंश सरकावे लागले ते वाचावयाचे. हा कोन साधारणतः चार ते सात अंशांचा भरे. म्हणजे आपण ज्या रेषेने पाहतो ती आणि डोळ्याचा प्रकाशीय अक्ष या दोन वेगळ्या गोष्टी. तीक्ष्ण दृष्टीचा पीतबिंदू अक्षाच्या टोकाशी नसून कानशिलाच्या बाजूस असतो. एवढ्यावर हे भागत नसे, कारण कित्येक डोळ्यांत कोठेही पाहिले तरी सहाही ठिपके पुरते जुळत नसत, आणि तेथे पटल व भिंग हेच एकमेकांशी काटेकोर एकाक्ष नाहीत असे मानावे लागे.

हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसविले, तेव्हापासून या मोजणीला व्यवहारात नवे महत्त्व आले. कारण माणसाच्या हाताने बसविलेले भिंग कलते, सरकते, आणि ते किती कलले हे त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या त्याच ज्योतींवरून आजही ताडून पाहता येते.