किण्वपेशीतील शर्करासंदेश : एका मताचा इतिहास

किण्वाची पेशी वाढून विभागावी की नाही, हे भोवतालच्या अन्नावर अवलंबून असते. लेलँड हार्टवेल यांनी १९७० नंतरच्या दशकात सिअ‍ॅटल येथे विभाजनचक्रातील एक आरंभबिंदू दाखवून दिला. पोषण अपुरे असल्यास पेशी तो ओलांडीत नाही. तेव्हा पेशीबाहेरील अन्नाची वार्ता केंद्रकातील जनुकांपर्यंत कशी पोहोचते, हा प्रश्न मूलभूत ठरतो. गॅलॅक्टोज या शर्करेपुरते त्याचे उत्तर मिळण्यास सुमारे अर्धशतक लागले. त्या संशोधनाचा एक धागा मुंबईत पवईपर्यंत येतो.

१९४८ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विंगे व रॉबर्ट्स यांना किण्वाचा एक विलक्षण वाण आढळला. सामान्य किण्व काही तासांत गॅलॅक्टोज वापरू लागते. या वाणास कित्येक दिवस लागत. सदोष जनुकास गॅल-३ हे नाव मिळाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात डग्लस व हॉथॉर्न यांनी गॅल-४ हा प्रवर्तक आणि गॅल-८० हा त्याचा निरोधक, अशी मांडणी केली. परंतु निरोधकाचे बंधन सुटते कसे? गॅल-३ चे प्रथिन गॅलॅक्टोजपासून एखादे प्रेरक द्रव्य घडविते व ते द्रव्य निरोप नेते, असे मत रूढ झाले.

या मतास १९९२ मध्ये पी. जे. भट व जेम्स हॉपर यांच्या प्रयोगांनी धक्का दिला. पेशीत गॅल-३ किंवा गॅल-१ यांचे प्रथिन विपुल प्रमाणात निर्माण केले असता गॅलॅक्टोज नसतानाही जनुके कार्यान्वित झाली. शर्कराच नसेल, तर तिच्यापासून द्रव्य घडणार कोठून? अर्थात प्रथिन हे दूताचे उत्पादक नसून स्वतःच दूत होते. गॅलॅक्टोज व एटीपी यांच्या सान्निध्यात ते गॅल-८० ला जखडते आणि गॅल-४ मोकळे होते, हे नंतर इतर प्रयोगशाळांनी सिद्ध केले.

प्रा. भट यांनी हे संशोधन पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पुढे नेले. २००८ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विंगे यांच्या वाणाचा विलंबही आता उलगडतो : गॅल-३ च्या अभावी तेच काम गॅल-१ संथपणे करी. जो विलंब प्रथम केवळ दोष वाटला, तोच या यंत्रणेचा सर्वांत जुना साक्षीदार होता.