दुकान बेंगळुरूचं, बूट बाळापुरात

भरतीची तयारी करणारी आपली पोरं पहाटे नांदेड रोडवर पळताना मी बघतो. काहींच्या पायात पार्सलनं आलेले डेकॅथलॉनचे बूट असतात. फ्रान्समध्ये १९७६ला सुरू झालेली ही कंपनी २००९ला बेंगळुरूत आली, पण घाऊक विक्रीपुरतीच. किरकोळ विक्रीला परवानगी २०१३ला मिळाली. खरं दार उघडलं नोव्हेंबर २०१५मध्ये: एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या, इथं दुकान असलेल्या परदेशी कंपन्यांना ऑनलाइन विक्रीची मुभा. वर्षभरात जिओ आलं अन् तंबू, सॅक, रेनकोट, सगळं मोबाईलवर! हे निर्णय दिल्लीत झाले, आपल्या बाजारातल्या बूटवाल्याला कुणी विचारलं का? तो साईझ बदलून देतो, उधारीही ठेवतो. त्यानं लढायचं कसं, सांगा मंडळी.